पेटीवर ४०० किलो, काट्यावर २२८

आमच्या तासगाव भागात मिनी ट्रॅक्टरला पुढे लोडर, म्हणजे माल उचलणारी बादली, बसवून घेणारे आता बरेच झालेत. शेणखत ट्रॉलीत भरायचं, कोंबडीखताचा ढीग हलवायचा, तर मजुरांची वाट बघावी लागत नाही. लोडर विकणारा बादली किती उचलते ते कौतुकानं सांगतो, भरल्या बादलीनं ट्रॅक्टरची मागची बाजू उचलू नये म्हणून मागे वजन किती लागेल ते मात्र सांगत नाही. ही गरज हेरून काही वर्कशॉपवाले मागे अडकवायची वजनाची पेटी विकतात. मला विकलेली पेटी कशी निघाली ते लिहितो, कारण तसल्याच पेट्या अजून खपताहेत.

पेटी दिसायला दणकट होती. सांगायला पाच एमएमचा पत्रा, आत काँक्रीट, झाकण वेल्डिंग करून बंद, पिवळा रंग आणि बाजूला ठळक ४००. दर किलोवर, सत्तर रुपये. म्हणजे अठ्ठावीस हजार. वर्कशॉपमध्ये सगळंच किलोवर चालतं, त्यामुळे हे कुणाला खटकत नाही. खरं तर आत भरायला सव्वा पोतं सिमेंट, वाळू आणि खडी, सगळं मिळून हजार-बाराशेचं सामान. म्हणजे लोखंडाच्या भावात काँक्रीट विकून आधीच भरपूर सुटत होते. तेवढ्यावरही वर्कशॉपवाल्याचं भागलं नाही.

मापावरून पेटी खरीच वाटायची. ६० बाय ६० बाय ४० सेंटीमीटर म्हणजे १४४ लिटर. काँक्रीट लिटरला साधारण २.४ किलो भरतं, म्हणजे ३४५ किलो. पाच एमएम पत्र्याचे ६५ धरले की ४१०. टेप लावून हिशोब करणाऱ्याचंही समाधान होईल अशी सोय.

वर काट्याची पावती. सकाळी रिकामा ट्रॅक्टर १२९०, संध्याकाळी पेटीसह १६९०. छापील पावती, सरकारी शिक्का असलेला वजनकाटा. काट्यात काही खोट नव्हती. सकाळी वजन केलं तेव्हा ट्रॅक्टरवर कुणी नव्हतं आणि टाकीत डिझेल तळाला होतं. संध्याकाळी वर्कशॉपवाला म्हणाला, "मालक, तुम्ही चहा घ्या, पोरं काटा करून आणतात. डिझेलपण आमच्याकडून टाकून देतो." पोरं दोघं. एक स्टेअरिंगवर, एक मडगार्डवर, आणि काट्यावर दोघंही वरच बसून. त्यांचे दीडशे किलो, डिझेलचे वीसेक, उरलेली पेटी. फुकटच्या डिझेलचे पैसेसुद्धा त्यानं सत्तर रुपये किलोनं माझ्याकडूनच वसूल केले, हे नंतर लक्षात आलं तेव्हा राग बाजूला राहून हसूच आलं.

उघडकीला आलं ते ओल्या शेणखतानं. शेडकडून बागेकडे जरा उतार आहे. भरलेली बादली घेऊन उतरताना मागचं डावं चाक जमिनीवरून उचललं गेलं आणि ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर घसरतच निघाला. बादली लगेच खाली टेकवली म्हणून निभावलं.

असं का होतं ते नव्यानं लोडर घेणाऱ्यांनी समजून घ्यावं. बादलीतलं ओझं पुढच्या एक्सलच्या पुढे असतं. पहारीनं दगड उचकटावा तसं ते पुढच्या चाकांवर टेकू घेऊन मागची बाजू वर उचलतं. ब्रेक असतात मागच्या चाकांना. ती हलकी झाली की ब्रेक लागतात, पण चाकं जमीन धरत नाहीत. फोर-व्हील टाकलेलं असेल तर पुढची चाकं थोडं रोखतात, म्हणून उतारावर ते टाकूनच ठेवावं आणि बादली गुडघ्याच्या वर नेऊ नये. मागच्या टायरात पाणी भरलं तर चाकांवर वजन येतं, पण पुढच्या एक्सलवरचा ताण हलका होत नाही. तो हलका करते मागच्या एक्सलच्याही मागे टांगलेली पेटी. म्हणूनच तिच्यात १७२ किलो कमी असणं ही नुसती पैशाची लूट नाही. चालवणारा आपलं पोरगं असतं.

मिस्त्रीनं पेटीला हातोडी मारली तर आवाज बद्द आला. गावातल्या भंगारवाल्याच्या प्लेट-काट्यावर चेन ब्लॉकनं पेटी उतरवली. २२८ किलो. गॅस कटरनं बाजू कापली, तर वर तीन बोटं काँक्रीट आणि खाली विटांचे तुकडे आणि कारखान्याची राख. पत्रा तीन एमएमचा. खालच्या लिंकच्या, म्हणजे पेटी ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यांना जिथं अडकते तिथल्या, पिना २२ एमएमच्या हव्यात, तिथं १६ एमएमचा बार तासून बसवलेला आणि जाडी दिसावी म्हणून वरून बुश, म्हणजे नळीचा तुकडा, चढवलेलं. ते एखाद्या दिवशी तुटलं असतं, तर भरल्या बादलीनिशी मागचं सगळं वजन एका क्षणात गेलं असतं.

फोन केल्यावर वर्कशॉपवाला आधी म्हणाला, "पावणं, पावती तुमच्यापाशी आहे की." फोटो पाठवल्यावर म्हणाला, "पेटी आणा, लोखंडाचा बुरादा भरून देतो." त्या पत्र्यात आणि त्या पिनांवर मी काही भरून घेणार नाही, पैसे परत हवेत असं सांगितलं, तर त्यानं फोन घेणंच बंद केलं.

बिल करताना तो फक्त 'फॅब्रिकेशन काम, १ नग' लिहून देत होता. पुतण्यानं हट्टानं 'काउंटरवेट, ४०० किलो' असं लिहून घेतलं. पोस्टानं नोटीस पाठवली आहे ती त्याच ओळीच्या जोरावर. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, आणि वकील नसला तरी तक्रार करता येते. आधी विचारायचं असेल तर १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे.

पेटी घ्यायचीच असेल तर झाकण लावण्याआधी बघा आणि ट्रॅक्टर नको, नुसती पेटी काट्यावर ठेवायला लावा. त्याला तो तयार नसेल तर पुढे बोलूच नका. आम्ही आता उघडी पेटी करून काँक्रीट स्वतः ओतलंय, बाजारातून २२ एमएमच्या तयार पिना आणून. भंगारवाल्याच्या त्याच काट्यावर ती ४०६ किलो भरली.