क्लिअरन्सची नोकरी घेताय? मग ओसीआय ठेवायचं, परत करायचं, की नुसत्या व्हिसावर भागवायचं

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं की आपल्यातले बरेचजण लगेच ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, भारतात व्हिसाशिवाय ये-जा करायचं कार्ड) काढतात, आणि मग एखादी डिफेन्सची ऑफर आली, त्यात सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी गुप्त माहिती हाताळायची परवानगी, लागेल असं दिसलं की घाबरून विचारतात, आता हे कार्ड परत करू का? मी या सगळ्यातून गेलोय म्हणून सांगतो, तेवढ्यासाठी परत करू नका.

ओसीआयच्या नावात सिटिझन असलं तरी ते नागरिकत्व नाही. आपण स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं गेलंच. ओसीआयवाल्याला मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे दुहेरी नागरिकत्वाचा प्रश्नच येत नाही, फक्त क्लिअरन्सच्या फॉर्मवर कार्ड असल्याचं लिहून टाकायचं आणि जुन्या भारतीय पासपोर्टची माहितीही द्यायची, कारण दुसऱ्या देशाने कधीही पासपोर्ट दिलाय का असं सरळ विचारलेलं असतं.

खरं दुहेरी प्रकरण म्हणजे गोव्याकडचे, ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आणि पुढे अमेरिकेचंही. तेही आपोआप बाद होत नाहीत. ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या क्लिअरन्सच्या गाइडलाइन्समध्ये दुसरं नागरिकत्व असणं हा स्वतःहून दोष धरत नाहीत, पण ते लपवलं किंवा अमेरिकेत येता-जाता अमेरिकेचा पासपोर्ट न वापरता दुसरा वापरला तर प्रकरण अंगाशी येतं. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र आशा धरू नये, क्लिअरन्सला नागरिकच लागतो.

आता व्हिसा. काहीजणांना वाटतं ओसीआय नसलं की आपण जास्त स्वच्छ दिसू. पण व्हिसावर गेलात तरी आई पुण्यातच राहते ना, फ्लॅट तुमच्याच नावावर ना? तपास अडतो तो तिथे, कार्डावर नाही. भारतात कोण आहे, त्यांच्यामार्फत कोणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का, तिकडे पैसा किती अडकलाय आणि इकडे तुमची मुळं किती खोल आहेत, हे सगळं एकत्र तोलतात, आणि शंका उरलीच तर निकाल देशाच्या सुरक्षेच्या बाजूने देतात, तुमच्या बाजूने नाही.

माझ्या बाबतीत अडलं ते सातबाऱ्यावर. बाबा गेल्यावर काकांनी वारसनोंद करून घेतली आणि गावाकडच्या दीड एकरावर आईबरोबर माझंही नाव लागलं, मला पत्ताच नव्हता. फॉर्ममध्ये परदेशात कधी स्थावर मालमत्ता होती का असा प्रश्न आला तेव्हा सहज काकांना फोन केला तर ते म्हणाले, अरे तुझं नाव आहे की! मी जसंच्या तसं लिहिलं. इंटरव्ह्यूत किंमत विचारली, इथल्या घराच्या आणि रिटायरमेंटच्या पैशांच्या मानाने ती किती असं विचारलं, आणि पुढे गेले. तेच मी नाही म्हणून सोडलं असतं आणि नंतर निघालं असतं तर जमीन बाजूला राहिली असती, खोटं बोललो हाच मुद्दा झाला असता, आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा अमेरिकेत ५ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

म्हणून माझं मत, दरवर्षी आईकडे जात असाल तर ओसीआय ठेवा, पाच वर्षांतून एकदा जात असाल तर व्हिसा पुरतो. निवड सोयीवर करा. क्लिअरन्स मिळाल्यावर भारतात जायचं तर आधी ऑफिसला कळवावं लागतं, ते दोन्हीकडे सारखंच.

आणि फॉर्म उघडण्याआधी घरी फोन करा. आईवडील, भावंडं, सासूसासरे सगळ्यांच्या जन्मतारखा लागतात, आणि आपल्याकडे शाळेत घालताना १ जून लावलेली माणसं घराघरात आहेत. माझ्या सासऱ्यांची खरी तारीख दिवाळीतली, पासपोर्टवर १ जून. मी पासपोर्टवरची लिहिली आणि कॉमेंटच्या जागेत कारण दिलं.