काळ्या डेलियाचे बियाणे : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

पाकिटावर फक्त काळी फुले छापलेली असताना भलत्याच रंगांची फुले आली, अशी अतिशय कडक शब्दांतली तक्रार मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात या बियाण्याविषयी लिहिली होती. आज त्यातली निम्मी तक्रार मी मागे घेत आहे आणि निम्मी कायम ठेवत आहे. काल संध्याकाळी माठाशेजारच्या कुंडीतली वाळू बाजूला करून पाहिली, तेव्हा आत ठेवलेल्या कंदाच्या मानेवर जांभळट डोळा, म्हणजे नवा कोंब जिथून फुटतो तो उंचवटा, फुगलेला दिसला, आणि हा अनुभव नव्याने, नीट लिहिला पाहिजे असे वाटले.

पाकीट १८० रुपयांचे होते आणि त्यात २० बिया होत्या, म्हणजे एक बी ९ रुपयांना पडली. सप्टेंबरच्या अखेरीस कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले गांडूळखत भरून ट्रेमध्ये पेरणी केली. सहाव्या दिवसापासून अंकुर दिसू लागले आणि एकूण १४ बिया उगवल्या. त्यांतली ३ रोपे बुडाशी कुजून कोलमडली. पाणी जास्त झाले होते, त्यामुळे तो दोष बियाण्याला देत नाही. उरलेली ११ रोपे निरोगी वाढली, चौथ्या पानजोडीवर शेंडे खुडल्यावर चांगली फुटली आणि डिसेंबरच्या मध्यापासून फुलू लागली.

माझा सारा राग पाकिटावरच्या चित्रावर होता. त्या चित्रात एकाच छटेची, जवळजवळ काळी अशी सात फुले होती आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘काळा डेलिया’ एवढेच छापलेले होते; ‘मिश्र’ हा शब्द पुढेही नव्हता आणि मागेही नव्हता. माझ्या गच्चीवर मात्र ४ झाडांना किरमिजी, ३ झाडांना गुलाबी, २ झाडांना पिवळी आणि एका झाडाला पांढऱ्या कडेची फिकट जांभळी फुले आली. अकरावे झाड अजून कळीवर होते. विक्रेत्याला फोन केला, त्यांनी छायाचित्रे मागवली, ती मी त्याच दिवशी पाठवली, आणि चार दिवसांनी ‘बियाण्यात थोडा फरक येतोच, शिवाय पाकीट फोडलेले असल्याने पैसे परत मिळणार नाहीत’ असे उत्तर आले. पाकीट न फोडता बी कसे पेरायचे, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

त्या रागातच मी डेलियाच्या बियांविषयी वाचू लागले आणि माझे मत तिथेच बदलायला लागले. बागेतल्या डेलियात गुणसूत्रांचे दोन नव्हे, तर ८ संच असतात. एकूण गुणसूत्रे ६४. त्यात मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात, त्यामुळे बियांतून येणारे प्रत्येक रोप वेगळे निघते. ठरावीक फूल हवे असेल, तर ते कंदापासून किंवा फुटव्याच्या छाटकलमापासूनच मिळते. म्हणजे विक्रेत्याचे ‘फरक येतोच’ हे म्हणणे खरे होते, फक्त ‘थोडा’ हा शब्द चुकीचा होता. काळा रंग दुर्मीळ का, याचेही कारण समजले. डेलियात काळे रंगद्रव्य असे नसतेच; अँथोसायनिन हे लाल-जांभळे रंगद्रव्य पाकळीत फार दाट साठले की ती आपल्याला काळी दिसते. पेशीत अँथोसायनिन आणि रंगहीन फ्लेव्होन ही दोन्ही द्रव्ये एकाच कच्च्या मालावर वाढतात. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले, की बहुतेक काळ्या वाणांत फ्लेव्होन तयार करणारी वाट दबलेली असते आणि तो माल अँथोसायनिनकडे वळतो. इतका योग प्रत्येक बीत जुळून यावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

अकरावे झाड संक्रांतीच्या चार दिवस आधी फुलले. ते हिरव्या पानांचे झाड होते, आणि ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगत आहे. रोपे लहान असतानाच ४ रोपांची देठे आणि पाने तांबूस-काळी दिसू लागली होती; काळे फूल यांनाच येणार असे मानून त्यांना मी १२ इंची नव्या कुंड्या, सर्वांत चांगली माती आणि सकाळच्या उन्हाची जागा दिली. हिरव्या पानांची सातही रोपे तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यांत लावली, आणि त्यांतली दोन तर टाकून द्यायच्या विचारात होते. काळ्या पानांच्या झाडांना किरमिजी, गुलाबी आणि पिवळी फुले आली. डब्यातल्या एका झाडाला काळे आले. पानांचा रंग आणि फुलाचा रंग यांचा संबंध आपण समजतो तसा नसतो. वेल्समधल्या कार्डिफ येथे १९२४ मध्ये तयार झालेला ‘बिशप ऑफ लँडॅफ’ हा प्रसिद्ध वाण पाहा : पाने जवळजवळ काळी, फूल मात्र भडक लाल. तेव्हा पहिले फूल पाहिल्याशिवाय एकही हिरवे रोप उपटू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ते फूल तळहाताएवढे होते. सावलीत ते पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखे दिसे आणि सकाळचे तिरपे ऊन पाकळीच्या पाठीवर पडले की आतून लाल उजेड येई. संक्रांतीला सासूबाईंनी चंद्रकळा नेसली होती; त्यांनी पदर फुलाजवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, रंग अगदी हाच की.” त्या दिवशी पाकिटाचे १८० रुपये वसूल झाले, असे मला मनापासून वाटले.

मात्र हा रंग थंडीचा आहे. डेलिया मेक्सिकोच्या डोंगराळ भागातले, त्याला गार रात्री मानवतात आणि उष्णतेत अँथोसायनिन कमी साठते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हाची फुले खरी काळी होती. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच झाडाला आलेली फुले विटकरी-तपकिरी झाली आणि पाकळ्यांच्या कडा करपल्या. पश्चिमेला ५० टक्क्यांचे शेडनेट बांधल्यावर करपणे थांबले, रंग परतला नाही. याच सुमारास पानांतला रस शोषणारा बारीक लाल कोळी आला. पानांच्या खालून पाण्याचा फवारा आणि लिटरला ५ मिली निंबोळी तेल यांवर तो आटोक्यात राहिला. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असल्यामुळे डब्यांतल्या मातीवर शेंगांच्या टरफलांचा जाड थर दिला होता, त्याचा फार उपयोग झाला.

सर्वांत महत्त्वाचा धडा पेरणीच्या वेळेचा आहे. दिवस १२ तासांपेक्षा लहान झाला की डेलियाचा ओढा कंदाकडे वळतो, आणि सप्टेंबरअखेर पेरल्यामुळे माझ्या झाडांचे सारे आयुष्य लहान दिवसांतच गेले. झाडे गुडघ्याएवढीच राहिली, कंद मात्र भरघोस निघाले. या वर्षी ऑगस्टमध्येच पेरणी करणार आहे. मार्चमध्ये काळ्या झाडाचे पाच कंद काढून सावलीत सुकवले. तीन कंद जाळीच्या टोपलीत माळ्यावर ठेवले होते, ते मेपर्यंत सुरकुतून लाकडासारखे झाले. दोन मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूत घालून माठाशेजारी ठेवले, ते टिकले. काढताना खोडाच्या मानेचा तुकडा कंदाला चिकटून राहील असे कापावे, कारण डोळा तिथेच असतो. मानेविना कंद कितीही जाड असला तरी फुटत नाही.

फक्त काळे झाड हवे असेल, तर हे पाकीट घेऊ नका. मला एक काळे झाड १८० रुपयांना पडले. अकरा वेगवेगळी झाडे हवी असतील, तर ती सोळा-सतरा रुपयांना एक पडली आणि त्यात फसवणूक नाही. पाकिटावर ‘मिश्र रंग, काळा क्वचित’ एवढे छापावे, ही माझी मागणी मात्र कायम आहे आणि ती मी विक्रेत्यांना पुन्हा लेखी कळवली आहे. काळ्या फुलाच्या २६ बिया मी कागदाच्या पुडीत राखून ठेवल्या आहेत. त्यांतून काय येईल ते येईल. काळ्या रंगासाठी मी त्या दोन कंदांवरच भिस्त ठेवली आहे, आणि डोळा फुटून बोटभर वाढला की त्यातून दोन छाटकलमे घेणार आहे.