नाळेवरची मोटर की मागची? कर्ली खाडीतला अनुभव

चौदा फुटी फायबरची होडी, एक-दोन माणसं आणि भरती-ओहोटीचं पाणी. तुमचं गणित साधारण असंच असेल तर पुढचं उपयोगी पडेल. मी मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत, देवबागच्या आतल्या अंगाला, गरीने मासे मारतो. चोणक आणि तांबोशी हे माझे मासे. दोघेही कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांपाशी असतात आणि पेट्रोल इंजिनाच्या आवाजाने पळतात. म्हणून इलेक्ट्रिक मोटर हवीच, हे मला पहिल्याच वर्षी पटलं. प्रश्न होता तो कुठची घ्यायची याचा.

नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसणारी रिमोटवाली मोटर मी दीड हंगाम वापरली. मग ती विकून मागे लावायची, हाताच्या दांड्यावर चालणारी घेतली. दोन्ही १२ व्होल्टच्या, दोन्ही ५५ पौंड जोराच्या, त्यामुळे ताकदीची तुलना करण्यात अर्थ नाही. माणसं-सामान धरून ४०० किलोच्या होडीला हिशेबाने १८-२० पौंडही पुरतात. उधाणाच्या ओहोटीला सामोरं जायचं असेल तर मात्र ५५ सुद्धा पुरेशी वाटत नाही.

आधी नाळेवरचीचं चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. ती होडीला पुढून ओढते. मागून ढकललेल्या हलक्या होडीचं तोंड वाऱ्याने फिरतं, ओढलेलीचं तसं होत नाही. शिवाय जीपीएसचा नांगर. बटण दाबलं की मोटर स्वतःच वारा आणि प्रवाह सांभाळून होडी एका जागी धरून ठेवते. दोन्ही हात मोकळे, उभं राहून निवांत गरी टाकायची. धरणाच्या मोकळ्या पाण्यात, रुंद सपाट फळी असलेल्या बोटीत याला तोड नाही. तिथे मासेमारी करणाऱ्या कुणाशी मी वाद घालणार नाही.

पण आपल्या खाडीत जाळी असतात. माझा निर्णय झाला तो त्यांच्यामुळे.

त्या दिवशी जानेवारीतली संध्याकाळ होती, ओहोटी लागलेली. होडी जीपीएसवर उभी करून मी कांदळाच्या कडेला गरी टाकत होतो. वरून कुणाची तरी कांडाळ, म्हणजे पाण्यात सोडलेलं लांब जाळं, वाहत आली आणि तिची कड माझ्या नाळेखाली शिरली. मला कळलंच नाही. मोटर पुढे, मी मागे, आवाजात फरक पडला असेल तर तो वाऱ्यात विरला. जाळ्याच्या ओढीने होडी सरकली तशी मोटरने आपलं काम केलं, म्हणजे जोर वाढवला. पंख्याने जाळं गुंडाळलं, ओढ आणखी वाढली, मोटरने आणखी जोर लावला. माझ्या ध्यानात आलं तेव्हा होडीचं तोंड पाण्याकडे वाकलं होतं. बंद करून ती वर काढायला मी पुढे गेलो, तर माझ्या वजनाने नाळ आणखी खाली बसली आणि पाणी आत आलं.

इतक्यात जाळ्याचे मालक, सत्तरीचे आबा, वल्हं मारत पोचले. लांबूनच ओरडले, "जाळ्याक सुरी लावू नको, मी येतंय!" अर्धा तास आम्ही दोघं अंधारात एकेक फास सोडवत होतो. तरी सहा-सात हात जाळं कापावंच लागलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तेवढी जाळी आणि दोर नेऊन दिला, तो मात्र घेतला. मी मासे हौसेने मारतो, त्यांचं घर त्या कांडाळीवर चालतं. ती गोष्ट मनातून जाईना.

मागच्या मोटरलाही जाळं लागतं. घेतल्यापासून दोनदा लागलं. फरक इतकाच की दांडा हातात असतो. पहिला दोर पंख्याला शिवतो तेव्हाच तळहाताला थरथर जाणवते आणि आवाज दबतो. बंद करायची, बसल्या जागेवरून खटका दाबून मोटर वर उचलायची, दोन वेढे हाताने सोडवायचे. एकदाही सुरी काढावी लागली नाही. वाळूच्या पट्ट्यावर, कालवांच्या कातळावर, पाणी उतरताना, सगळीकडे हेच. नाळेवरची उचलायला दर वेळी पुढे जावं लागायचं, आणि चार फूट रुंद होडीत ते चालणं मला तरी कधी सुखाचं वाटलं नाही.

हात अडकतो, हे खरं आहे. मोठा चोणक लागला आणि मुळांकडे धावला की दांडा सोडून रीळ धरावा लागतो आणि होडी भरकटते. असे मासे माझे दोन-तीन तरी गेले असतील. तुम्ही नेहमी एकटे जात असाल आणि तुमच्या बाजूला जाळी कमी असतील, तर तुमचा कल वेगळा असू शकतो.

वाऱ्याने तोंड फिरण्यावर मात्र उपाय सापडला. बॅटरी मागे न ठेवता मधल्या फळीच्या पुढे ठेवली, त्यासाठी तांब्याची जाड केबल लांबवली आणि बॅटरीपाशी ६० अँपियरचा ब्रेकर बसवला. आता होडी बरीच सरळ चालते. बॅटरी लिथियमचीच घ्या. १०० अँपियर-तासांची साधारण १२ किलो भरते. मी सुरुवातीला घरच्या इन्व्हर्टरची १५० ची ट्यूब्युलर नेत होतो, ती पन्नास किलोच्या वर. जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून ती उतरवताना एकदा पाय घसरला, तेवढं पुरे झालं.

घ्यायचीच ठरली तर खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली घ्या आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. पाच गतींची स्वस्त मिळते, पण ती कमी गतीलाही बॅटरी वाया घालवते. दांडा फिरवून हळूहळू गती वाढवता येते तशी परवडत असेल तर ती बघा. पंख्याच्या पिना दोन-तीन जास्तीच्या आणि नट सोडवायला पाना होडीतच ठेवा. दर फेरीनंतर पंखा काढून मागे तंगूस (गरीचा नायलॉन दोरा) अडकलाय का ते पाहा, कारण तो सील कापतो आणि पाणी आत शिरतं.

आणि दांड्यावर हातभर पीव्हीसी पाइप चढवा, म्हणजे उभं राहूनही होडी वळवता येते. माझ्या पाइपला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली आहे, ओल्या हातातून निसटत नाही.