रिओतल्या सांबा डिनर शोचं तिकीट काढण्याआधी

कोपाकबानाच्या किनाऱ्यावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला कुणी ‘सांबा शो, जेवण, एक पेय, हॉटेलवरून नेणं-आणणं, सगळं यातच’ असं सांगत आला, तर त्याच्या हातात एक पैसाही ठेवू नका. आमचे एका संध्याकाळीत सव्वा लाख रुपयांहून जास्त गेले. त्यातली मोठी रक्कम आगाऊ दिलेल्या पैशांत गेली नाही की जेवणाच्या बिलातही नाही. ती गेली स्वाइप मशीनवरच्या एका शून्यात. हे कसं केलं जातं ते बारकाईने लिहिते आहे, कारण ‘परदेशात सांभाळून राहा’ एवढ्या सल्ल्यावर यातून कुणी वाचत नाही.

मी डोंबिवलीत भरतनाट्यमचे वर्ग घेते. ब्राझीलला जायचं ठरलं तेव्हा घरच्यांना ख्रिस्ताचा पुतळा आणि इग्वासूचा धबधबा पाहायचा होता, मला सांबा आणि कापोएरा, म्हणजे नाच आणि लढत यांची मिसळ असलेला तिथला खेळ. मी, हे, माझे दीर आणि जाऊबाई असे आम्ही चौघं होतो. कार्निव्हलच्या दिवसांत सुट्ट्या जमणार नव्हत्या. एरवीच्या पर्यटकांसाठी रिओत जेवणासह नाचगाण्याचे कार्यक्रम होतात. त्यातले नीट चालणारेही आहेत, ते स्वतःच्या संकेतस्थळावर तिकीट विकतात, थिएटरचा पत्ता आणि वेळ आधी देतात. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आमची गाठ पडली ती त्यांच्या नावावर धंदा करणाऱ्यांशी.

तिकीट विकणारा मुलगा पंचविशीतला होता, इंग्रजी छान बोलायचा. त्याच्याकडे प्लास्टिकच्या आवरणातले फोटो होते: पिसांचे मुकुट, मोठा रंगमंच, पांढऱ्या कापडाची टेबलं. माणशी 280 रेआल, चौघांचे 1120. चारशे आत्ता रोख, बाकीचे 720 तिथे पोचल्यावर. एक रेआल तेव्हा सोळा रुपयांच्या आसपास होता. त्याने पावतीपुस्तकातली पावती फाडून दिली आणि तिच्यावर एकूण, आगाऊ, बाकी असे तिन्ही आकडे हाताने लिहिले. आम्ही शाकाहारी आहोत हे मी बजावून सांगितलं. ‘काही काळजी करू नका मॅडम, भरपूर मिळेल,’ म्हणाला.

आता त्याच्या ओळखपत्राविषयी. ब्राझीलमध्ये पर्यटन गाइडना आणि एजन्सींना पर्यटन मंत्रालयाच्या ‘कादास्तुर’ या नोंदवहीत नोंदणी करावी लागते आणि कुणाची नोंदणी आहे, कुणाची नाही, हे तिच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. जाऊबाईंनी किनाऱ्यावर काढलेल्या एका फोटोत तो मुलगा आला आहे. तो फोटो मोठा करून पाहिला तर त्याच्या ओळखपत्रावर त्याचा चेहरा आणि ‘टुरिझम’ एवढा शब्द आहे, क्रमांक नाही. खऱ्या गाइडला क्रमांक विचारला तर तो लगेच दाखवतो.

आठला यायची गाडी नवाच्या सुमारास आली. ड्रायव्हरला इंग्रजी येत नव्हतं. आणखी दोन-तीन हॉटेलांवरून माणसं घेत आम्ही पोचलो, तेव्हा आतून ढोल ऐकू येत होते. या उशिराविषयी माझं मत आता पक्कं झालं आहे. गाडी मुद्दाम उशिरा आणतात. कार्यक्रम सुरू झालेला असतो, मागे लोक ताटकळत असतात, दारातल्या अंधारात ‘लवकर, लवकर’ चाललेलं असतं, आणि नेमकं तिथेच बाकीचे पैसे मागतात. अशा वेळी कुणीही सभ्य माणूस मशीन उजेडात नेऊन वाचत बसत नाही.

दारात काळा शर्ट घातलेला एक जण हातात मशीन घेऊन उभा होता. आम्ही पावती दाखवली. ‘सेव्हन टू झीरो,’ तो मोठ्याने म्हणाला आणि आकडे दाबले. मशीनची काच इतकी ओरखडलेली होती की तिच्यात दिव्यांचं प्रतिबिंबच जास्त दिसत होतं. ते त्याने आमच्यासमोर धरलं, ते असं की त्याचा अंगठा काचेच्या उजव्या कडेवर होता. अंगठ्याच्या डावीकडे मला 7.20 दिसलं. ह्यांनी पिन टाकला. कागदी स्लिप मागितली तर रोल संपल्याची खूण करून त्याने आम्हाला आत ढकलल्यासारखं केलं.

ब्राझीलमध्ये आकडे आपल्या उलट लिहितात. हजारानंतर टिंब, दशांशाला स्वल्पविराम. सातशे वीस रेआल म्हणजे 720,00 आणि सात हजार दोनशे म्हणजे 7.200,00. शेवटचे आकडे अंगठ्याखाली गेले की उरतं 7.20, आणि तोंडाने ‘सातशे वीस’ ऐकलेला माणूस ओरखड्यांतल्या त्या टिंबाकडे पाहत नाही. ही युक्ती मी इतकी लांबवून लिहिते आहे, कारण ती फक्त शोच्या दारात चालते असं नाही. किनाऱ्यावर नारळपाणी विकणाऱ्याच्या मशीनवरही चालते, टॅक्सीतही चालते. काच फुटलेली, ओरखडलेली, अंधूक असली तर कार्ड लावायचं नाही. मशीन स्वतःच्या हातात घ्यायचं, स्वल्पविराम कुठे आहे ते पाहायचं, मगच पिन. मशीन हातात देत नसेल तर रोख द्यायचे.

जागा फोटोतली नव्हती. एका रोदीझियो उपाहारगृहाचा वरचा मजला होता तो. रोदीझियो म्हणजे वेटर सळईवर भाजलेलं मांस घेऊन टेबलाटेबलाशी फिरत राहतात आणि हवं तेवढं कापून देतात. आमच्यासाठी भात, उकडलेली भाजी आणि तळलेला कसावा. काळ्या घेवड्याच्या आमटीत डुकराचं मांस असतं म्हणून ती बाजूला ठेवावी लागली. कसावा मात्र चांगला होता. आपला साबुदाणा याच कंदाचा होतो आणि कंद मूळचा तिकडचाच.

आणि नाच? नाचाला मी नावं ठेवणार नाही. दोन तास सांगितलेला कार्यक्रम पाऊण तासात आटोपला, बरंचसं संगीत रेकॉर्डवर होतं, पण जे नाचले ते जीव तोडून नाचले. बाहियाकडचा माकुलेले झाला, दोघा-दोघांच्या जोड्या टिपऱ्यांसारख्या काठ्या आपटत बसकणीतून उसळत होत्या आणि शेवटी काठ्यांच्या जागी कोयते आले. रेसिफेचा फ्रेव्हो झाला, हातात छोटी रंगीत छत्री आणि गुडघ्यांची जी उघडमीट ती पाहून माझे स्वतःचे गुडघे दुखले. कापोएरा झाला. 1890च्या दंडसंहितेत कापोएरा खेळणं हा ब्राझीलमध्ये गुन्हा होता, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना त्यासाठी तुरुंगात टाकत. 2014मध्ये त्याच कापोएराच्या वर्तुळाला युनेस्कोने मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला.

चार-पाच वादक प्रत्यक्ष वाजवत होते, त्यातला एक माझ्यापासून हातभरावर. त्याच्याकडे कुईका होतं. बाहेरून साधा ढोल, पण कातड्याच्या मधोमध आतल्या बाजूने एक बारीक काठी बांधलेली असते. वादक ओलं फडकं घेऊन ती काठी आतून चोळतो आणि दुसऱ्या हाताचं बोट बाहेरून कातड्यावर दाबत, सोडत राहतो. त्यातून हुंदका, हसू, हाक असे आवाज निघतात. त्या माणसाचं फडकं सारखं सुकायचं आणि तो शेजारच्या ग्लासात बुडवून पुन्हा सुरू करायचा, ताल न चुकवता.

कार्यक्रमानंतर पिसांचे मुकुट घातलेल्या दोन मुली टेबलापाशी आल्या, फोटो काढले गेले, दहा मिनिटांत छापून आले, पैसे मागितले गेले. आम्ही घेतले नाहीत. त्यातल्या एका मुलीला थोडं इंग्रजी येत होतं. मीही नाच शिकवते म्हटल्यावर ती थांबली. फोटोचे पैसे तुम्हाला मिळतात का, विचारलं, तर तिने मान हलवून नाही म्हटलं. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. ज्यांच्या आजा-पणज्यांनी मार खाऊन ही कला टिकवली त्यांच्या नावावर आमच्याकडून सव्वा लाख उकळले गेले आणि त्यातलं त्या मुलीकडे काही गेलं नाही.

मग टेबलाचं बिल आलं. 426,80. ‘सगळं यातच’ असताना. न मागता ठेवलेली पाव-ऑलिव्हची टोपली माणशी 28, ‘कुव्हेर आर्तिस्तिको’ म्हणजे कलाकारांसाठीचा आकार माणशी 45, तिकिटात धरलेली पेयं 96, आणि या सगळ्यावर दहा टक्के सेवाशुल्क. दीर तिथल्या माणसाशी बराच वेळ बोलले. पावतीवरच्या मुलाला आम्ही ओळखत नाही, एवढंच उत्तर. परत नेणारी गाडी उभी होती, तिचा ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता. रोख दिले आणि निघालो.

तेव्हा माहीत असायला हवं होतं असं इथे लिहून ठेवते. दहा टक्के सेवाशुल्क ब्राझीलमध्ये ऐच्छिक आहे, काढून टाका म्हटलं की काढावं लागतं. 1990च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, क्रमांक 8078, न मागता दिलेली वस्तू फुकटचा नमुना धरली जाते, म्हणून अशा टोपलीचे पैसे नाकारता येतात. वादच नको असेल तर ती ठेवताक्षणी परत करावी. कलाकारांचा आकार घेता येतो, पण तो आधी स्पष्ट सांगितलेला असावा लागतो. वाद झाला की प्रोकॉन हा शब्द उच्चारावा, ती त्यांची ग्राहक संरक्षण यंत्रणा आहे आणि प्रत्येक हॉटेलवाल्याला ती ठाऊक असते.

सात हजार दोनशेचा पत्ता हॉटेलच्या वायफायवर बँकेचं अ‍ॅप उघडलं तेव्हा लागला. एक लाख पंधरा हजारांहून वर, शिवाय परकीय चलनाचा आकार वेगळा. ह्यांनी तिथूनच हेल्पलाइनला फोन लावून कार्ड बंद केलं. बँकेचं पहिलं म्हणणं असं की पिन टाकला आहे, म्हणजे व्यवहार तुम्हीच केला. रिझर्व्ह बँकेचा तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर बोजा नाही हा 2017चा नियम अनेकांना माहीत असतो, पण तो अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. आमच्यासारख्या प्रकरणात ‘व्यवहार मान्य, रक्कम चुकीची’ असं लिहून डिस्प्यूट फॉर्म भरावा लागतो आणि खरी रक्कम किती ठरली होती त्याचा कागद जोडावा लागतो. त्या मुलाने हाताने लिहिलेली पावती तेवढी आमच्याजवळ होती. म्हणून कुणी कितीही घाई करो, आकडे लिहून घ्या आणि त्यांचा फोटो काढून ठेवा.

आणखी एक. 2020च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकामुळे परदेशी व्यवहारांची कमाल मर्यादा कार्डधारकाला स्वतः अ‍ॅपमध्ये ठरवता येते. रात्री बाहेर पडताना ती वीस हजारांवर आणा. मोठी रक्कम आपोआप नाकारली जाईल.

दुसऱ्या दिवशी रिओच्याच लेब्लॉन भागातल्या पर्यटक पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी इंग्रजीत सगळं ऐकून घेतलं आणि तक्रार लिहून प्रत हातात दिली. त्यांनीच सांगितलं की सांबा पाहायचा असेल तर सोमवारी संध्याकाळी पेद्रा दो सालला जा. बंदराजवळच्या जुन्या वस्तीत, खडकात कोरलेल्या पायऱ्यांच्या पायथ्याशी वादक टेबलाभोवती गोल करून बसतात. गर्दी भोवती उभी राहून गाते. तिकीट नाही. रिओच्या सांबाचा जन्म ज्या वस्तीत झाला तीच ही, गुलामांना जिथे उतरवत तो व्हालोंगोचा धक्का तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. आम्ही गेलो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, येताना टॅक्सीने या, बाकी काही चिंता नाही. कार्निव्हलच्या आधीच्या महिन्यांत जाणार असाल तर सांबा शाळांच्या, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या मंडळांच्या, तालमी पाहा. त्या त्यांच्या स्वतःच्या सभागृहात होतात, दारात तिकीट मिळतं आणि पैसे शाळेला जातात.

पोलिसांची प्रत पोर्तुगीजमध्ये होती आणि बँकेला इंग्रजी भाषांतर हवं होतं. डोंबिवली-ठाण्यात कुणी सापडेना. शेवटी गोव्यात पणजीला राहणाऱ्या ओळखीच्या एका वकिलांनी करून दिलं. त्यांच्या घरी अजून पोर्तुगीज बोलतात. फॉर्म, पावती आणि भाषांतर एकत्र गेल्यावर बँकेने जास्तीची रक्कम तात्पुरती खात्यावर जमा केली. पैसे घेणाऱ्याच्या बँकेचं उत्तर यायचं आहे. रोख दिलेले पैसे मात्र परत मिळायचे नाहीत, त्यांच्यासाठी बँकेकडे दाद मागता येत नाही.