आरएक्स-७: रोटरी राखावी की व्ही-८ बसवावे?

तिसऱ्या पिढीच्या माझदा आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारचे १.३ लिटरचे रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या त्रिकोणी रोटरवर चालणारे) थकले, की ते नव्याने बांधणे किंवा जनरल मोटर्सचे ५.७ लिटरचे एलएस१ व्ही-८ (आठ सिलिंडरचे इंजिन) बसवणे, असे दोन मार्ग समोर येतात. व्ही-८ टर्बोशिवायही कमी आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते आणि त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने वजन फारसे वाढत नाही. मात्र त्यासोबत इंजिनाचे माउंट, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा), वायरिंग आणि इंजिन नियंत्रित करणारा संगणक म्हणजे ईसीयूही बदलावे लागतात, आणि खरा वेळ व पैसा तिथेच जातो. नोंदणीचे व प्रदूषणाचे नियम आधीच तपासावेत. रोटरीचे एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) झिजतात हे खरे, पण गाडी मूळ अवस्थेत असेल तर मी रोटरीच राखीन. इंजिनाविना पडून असलेल्या गाडीत मात्र व्ही-८ बसवणे मला रास्त वाटते.