वाचनालयाचे सॉफ्टवेअर: नवे बांधून घ्यायचे की कोहा जुळवून घ्यायचे?

समोर ३०,००० पुस्तकांचे सार्वजनिक वाचनालय धरू. दाखल नोंदवह्या (आलेल्या पुस्तकांना क्रमांक देऊन नोंदवण्याच्या वह्या) हाताने लिहिलेल्या, काही वर्षांची यादी एक्सेलमध्ये, देवघेवीला कार्डे. कार्यकारी मंडळापुढे दोन प्रस्ताव आहेत. एक प्रोग्रामर म्हणतो, तुमच्या पद्धतीप्रमाणे नवे करून देतो. दुसरा म्हणतो, कोहा हे ग्रंथालयांसाठीचे खुल्या कोडचे तयार सॉफ्टवेअर मोफत आहे, तेच बसवू. (महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेट या संस्थेचे सोल आणि शासकीय ग्रंथालयांसाठी एनआयसी या सरकारी संस्थेचे ई-ग्रंथालय ही सॉफ्टवेअर आहेत. तिथे पात्रता असेल तर आधी ती चौकशी करावी.)

दोन्ही प्रस्तावांत सारखाच राहणारा खर्च आधी बाजूला काढू. एक माणूस दिवसाला ८० नोंदी करतो असे धरले, तर ३०,००० पुस्तकांना ३७५ कामाचे दिवस लागतात. सॉफ्टवेअर कुठलेही घ्या, हे काम टळत नाही. कोहात झेड३९.५० (ग्रंथालयांतल्या नोंदींच्या देवाणघेवाणीची ठरलेली पद्धत) वापरून दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद उचलता येते. इंग्रजी पुस्तकांना त्याचा चांगला उपयोग होतो. परदेशी ग्रंथालयांतून मराठी पुस्तकांची नोंद मात्र बहुधा रोमन लिप्यंतरात येते आणि देवनागरी पुन्हा टंकावे लागते. म्हणून दोन मार्गांतला आमचा पहिला निकष एवढाच: दहा वर्षांनी या नोंदी जशाच्या तशा बाहेर काढता येतील का? कोहातून त्या मार्क२१ या जगभर चालणाऱ्या साच्यात निघतात. नव्या सॉफ्टवेअरमधून त्या कशा निघणार, ते करारात लिहिले असेल तरच निघतात.

नवे बांधताना काय बिघडते

पहिली चूक रचनेत होते. शीर्षक आणि प्रत एकाच तक्त्यात ठेवली जाते. दाखल क्रमांक प्रतीला असतो, पण वाचक मागतो ते शीर्षक. एका कादंबरीच्या पाच प्रती असतील तर शोधात तीच कादंबरी पाच वेळा दिसते आणि ‘कुठलीही प्रत आली की मला द्या’ ही मागणी नोंदवताच येत नाही. दुसरी चूक म्हणजे पुस्तक परत आले की देवघेवीची ओळ पुसली जाते. मग वर्षअखेरीला वाचलेल्या पुस्तकांचा आकडा कुठून आणणार? तिसरी, पुस्तक बाद केले की नोंदच उडवली जाते आणि पडताळणीच्या वेळी दाखल नोंदवहीशी मेळ बसत नाही. या तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात, पण वापर सुरू झाल्यावर फार महाग पडतात.

मालकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. पैसे वाचनालयाने दिले म्हणजे कोड वाचनालयाचा झाला, असे नसते. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे बाहेरच्या प्रोग्रामरने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो प्रोग्रामरच असतो. हक्क लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण ५ वर्षांचेच धरले जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. संपूर्ण स्रोत कोड, डेटाबेसचा आराखडा आणि प्रशासकाचा पासवर्ड शेवटच्या हप्त्याआधी हातात आला पाहिजे.

कोहा जुळवताना काय बिघडते

कोहा मोफत असले तरी ते चालवायला डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणाली जाणणारा माणूस लागतो. एका वाचनालयाला ८ जीबी रॅमचा संगणक, यूपीएस आणि यूएसबी बारकोड स्कॅनर पुरतो. रोजची बॅकअप प्रत कोहा आपोआप घेते, पण मूळ मांडणीत ती त्याच संगणकावर आणि मोजक्या दिवसांचीच राहते. डिस्क गेली की मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही जातात. ती प्रत रोज दुसऱ्या यंत्रावर नेण्याची सोय पहिल्याच दिवशी करावी.

मराठीचा खरा त्रास शोधात आहे. कोहाच्या झेब्रा या शोधयंत्राची मूळ मांडणी लॅटिन अक्षरांवर बेतलेली असते. देवनागरीसाठी आयसीयूची (वेगवेगळ्या लिप्या हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची) मांडणी लावून अनुक्रमणी, म्हणजे शोधाची सूची, पुन्हा पूर्ण करावी लागते, नाहीतर समोर असलेले पुस्तक ‘सापडत नाही’ असे उत्तर येते. जुनी यादी श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणावी. रूपांतरात हमखास रफार आणि ऱ्हस्व वेलांटी चुकते, म्हणून ‘सूर्य’, ‘कीर्ती’, ‘स्थिती’ असे शब्द शोधून तपासावेत.

‘दुसऱ्या’ हा एकच शब्द घ्या. तो दोन प्रकारे टंकला जातो. एकात र, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह आणि य असतो. दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटू शकतात. ‘ॲ’चेही तसेच आहे: एक अखंड अक्षर, किंवा अ आणि त्यावर वेगळा चंद्र. आयात करण्याआधी सगळी यादी एकाच रूपात आणावी. नवे सॉफ्टवेअर बांधले तरी ही अडचण येतेच, आणि तिथे ती सोडवायला कुणी आधी बसलेले नसते.

‘आमची पद्धत वेगळी आहे’

नवे बांधण्याच्या बाजूने सगळ्यात जास्त ऐकू येणारे कारण हेच. दिवाळी अंक योजनेचे उदाहरण पाहा. वेगळी वर्गणी, एका वेळी एकच अंक, तो चार दिवसांत परत, योजना ठरावीक तारखेला बंद. कोहात ‘दिवाळी अंक’ हा वेगळा प्रकार करायचा, त्या योजनेचा सभासदवर्ग करून त्याला शेवटची तारीख द्यायची, आणि देवघेवीच्या नियमात १ अंक, ४ दिवस लिहायचे. कोडची एकही ओळ लागत नाही. मासिक वर्गणीही सभासदत्वाची मुदत १ महिना ठेवून नूतनीकरणाच्या शुल्कात बसवता येते. अनामत रक्कम मात्र कोहात ओढूनताणून बसवू नये, ती हिशेबाच्या वहीत किंवा टॅलीतच बरी. शासनाला द्यायच्या वार्षिक अहवालाचे आकडे एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) अहवाल एकदा लिहून ठेवला की दरवर्षी मिळतात.

हद्द एकच पाळावी: कोहाच्या मूळ कोडला हात लावू नये. त्याची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. मूळ कोड बदललेला असेल तर प्रत्येक वेळी तो बदल पुन्हा बसवावा लागतो. मग अद्ययावत करणे थांबते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही राहून जातात. बदल हवेत ते सेटिंग, अहवाल आणि प्लगिनमधून (वरून जोडायच्या छोट्या भागांतून) करावेत.

कोहा स्वतः नवे बांधूनच जन्मले. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली साल २००० ओलांडू शकत नव्हती. म्हणून १९९९ मध्ये काटिपो या कंपनीकडून त्यांनी नवी करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली, आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला. तेव्हा बांधणे योग्य होते आणि देखभालीचा भार वाटून घेणारे पुढे जगभर मिळाले. आज एकट्या वाचनालयाने तोच भार नव्याने उचलावा, हे आम्हाला पटत नाही. घरपोच पुस्तक योजनेचे छोटे ॲप हवे असेल तर ते जरूर बांधावे, पण कोहाच्या शेजारी, त्याच्या रेस्ट एपीआयवरून (दुसऱ्या सॉफ्टवेअरला माहिती देणाऱ्या सोयीवरून) माहिती घेणारे.

ठराव करण्याआधी २०० पुस्तकांची चाचणी घ्या. त्यात अनेक प्रतींची, अनेक खंडांची, अनुवादित आणि बाद झालेली पुस्तके मुद्दाम घाला. दोन आठवडे खरी देवघेव चालवा. मग सगळा डेटा बाहेर काढा, कोऱ्या संगणकावर पुन्हा भरा आणि पुस्तकांचा, प्रतींचा, सभासदांचा आकडा ताडून पाहा. नवे बांधू म्हणणाऱ्या प्रोग्रामरलाही हीच चाचणी द्या, पहिल्या हप्त्याच्या आधी.