ऑनलाइन मागवलेला 1939 चा रुपया : विक्रेत्याविषयी आणि पारखीविषयी

एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर जुनी नाणी विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी अलीकडे सहाव्या जॉर्जचा 1939 चा चांदीचा रुपया मागवला. या सनाचे रुपये फारच थोडे मिळतात, संग्राहकांत त्यांना मोठी किंमत येते आणि त्यामुळेच त्यांच्या नकलाही उदंड आहेत. साडेआठ हजार ही किंमत पाहूनच मी थांबायला हवे होते; परंतु माल परत करण्यासाठी सात दिवसांची मुदत आहे, मग पाहू तरी, असे म्हणून मी पैसे भरले.

पार्सल सोलापुरात वेळेवर आले आणि बांधणीही चांगली होती. प्लास्टिकच्या डबीत नाणे, सोबत विक्रेत्याच्याच शिक्क्याचे ‘शंभर टक्के अस्सल’ असे प्रमाणपत्र, आणि भेट म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणवले जाणारे, 1818 हा सन आणि रामदरबाराची छाप असलेले एक नाणे. माझा विश्वास या भेटीनेच उडाला. कंपनीने रामदरबाराचे नाणे कधीही पाडलेले नाही; ही निव्वळ हौसेची टोकने आहेत. जो विक्रेता ती ‘दुर्मीळ’ म्हणून भेट देतो, त्याला एकतर नाण्यांतले काही कळत नाही किंवा सगळेच कळते.

आमच्या देव्हाऱ्यातील डबीत पंचम जॉर्जचा 1918 चा बंदा रुपया आहे, जो दर लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतो. पारखीसाठी तोच प्रमाण मानून मी दोन्ही नाणी सराफ कट्ट्यावरील ओळखीच्या सराफांकडे नेली. इंग्रजी अमदानीतील 1835 ते 1939 या काळातल्या रुपयाचे ठरलेले वजन 11.66 ग्रॅम आणि त्यातील चांदी हजारी 917, म्हणजे हजार भागांत 917 भाग. आमचा रुपया झिजूनही 11.58 ग्रॅम भरला, तर नवा, जेमतेम वापरलेला दिसणारा रुपया 10.90 वरच थांबला. झीज नसलेल्या नाण्यात पाऊण ग्रॅमची तूट कुठून येणार? सराफांनी भिंगाखाली राजाच्या मुकुटाजवळची बारीक छिद्रे आणि कडेच्या दात्यांवरून गेलेली पुसट रेघ दाखवली व एवढेच म्हणाले, “मालक, ह्याच्यावर ठसा पडलेलाच नाही, हे ओतलंय.” टांकसाळीत नाणे ठशाखाली दाबून पाडले जाते, त्यामुळे अक्षरांच्या कडा तीक्ष्ण राहतात, साच्यात ओतलेल्या नकलेत त्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात.

तरीही घरी आल्यावर मी पाण्याची कसोटी घेतली, कारण ती कोणालाही करता येते आणि नाण्याला ओरखडाही पडत नाही. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचे, पण तळाला किंवा वाटीच्या काठाला टेकू द्यायचे नाही. काटा जो आकडा दाखवतो त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागले की घनता मिळते. हजारी 917 चांदीची घनता 10.3 च्या आसपास असते. आमच्या रुपयाने 1.12 दाखवले, म्हणजे हिशेब जुळला, नव्याने 1.24 दाखवले, म्हणजे घनता अवघी 8.8, जी तांबे-निकेलसारख्या मिश्रधातूची असते. वर चांदीचा मुलामा होता, एवढेच. चुंबक इथे उपयोगाचे नाही, कारण असे मिश्रधातूही त्याला चिकटत नाहीत. ‘चुंबकाला लागत नाही, म्हणजे चांदीच’ हा विक्रेत्याचा दावा म्हणूनच पोकळ होता.

मात्र वजन आणि घनता बरोबर आली तरी 1939 च्या बाबतीत निश्चिंत होता येत नाही. 1938 चा रुपयाही त्याच वजनाचा व त्याच चांदीचा आहे, आणि त्यावरील आठाचा नऊ कोरून केला तर काटा काहीही सांगणार नाही. तिथे शेवटच्या अंकाभोवतीची सपाट जागा भिंगाखाली पाहणे हाच उपाय आहे. खरवडलेली जागा वेगळी चमकते. यासाठी विक्रेत्याकडे सनाचे जवळून घेतलेले छायाचित्र, कडेचे छायाचित्र आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचे छायाचित्र आधीच मागावे. मी मागितले होते. मला राजाच्या चेहऱ्याचे तेच छायाचित्र पुन्हा पाठवण्यात आले, आणि तरीही मी खरेदी केली, हा दोष माझा. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी पारखून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीतले नाणे असेल, तरी डबीवरील क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावा, कारण डब्यांच्याही नकला निघतात.

परतीचा अनुभव संमिश्र होता. डबी उघडली आहे, हे कारण देऊन विक्रेत्याने आधी नकार दिला. पार्सल उघडतानाची चित्रफीत आणि दोन्ही वजनांची छायाचित्रे बाजारपेठेकडे पाठवल्यावर अकराव्या दिवशी पूर्ण रक्कम परत आली, पण परत पाठवण्याचे कुरिअरचे पैसे मिळाले नाहीत. बांधणीला आणि बाजारपेठेच्या तक्रार विभागाला मिळून पाचपैकी दोन तारे देतो. विक्रेत्याला एकही देण्यासारखे काही नाही. रामदरबाराचे टोकन मी रुपयासोबतच परत पाठवले होते, आणि आता ते त्याच पानावर साडेचार हजारांना विकायला लावलेले आहे.